हरवलेला ‘द ग्रेट लव्ह’: हळहळ नेमकी कशाची?

रीळवेडा: अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथचा ‘द ग्रेट लव्ह’ (१९१८) हा मूकपट आज कुठेच नाही. पडद्यावर लिलियन गिश, रॉबर्ट हॅरन. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूनं लढायला निघालेला अमेरिकन पोरगा, जर्मन हेरांच्या हातचं बाहुलं झालेला एक ‘सर’, दारूगोळ्याच्या कारखान्यावर येणारं झेपेलिन, म्हणजे जर्मन हवाई जहाज. शिवाय इंग्लंडची खरीखुरी राजमाता अलेक्झांड्रा चक्क पडद्यावर! सिनेमा ऑगस्टमध्ये लागला, युद्ध थांबलं नोव्हेंबरात. ग्रिफिथच्या हरवलेल्या सिनेमांत मला हाच जास्त सलतो.

सदाशिवपेठी: सलण्यासारखं काय त्यात? प्रचारपट तो. त्याच वर्षीचा, त्याच जोडीचा ‘हार्ट्स ऑफ द वर्ल्ड’ शिल्लक आहे. शितावरून भाताची परीक्षा करा आणि झोपा.

रीळवेडा: शितानं पोट भरत नाही हो. ‘हार्ट्स’मध्ये शत्रू फ्रान्सच्या खेड्यात चालून येतो, उघडउघड. इथे तो आपल्याच दिवाणखान्यात, पाहुण्यांत बसलेला. शेजाऱ्यावर संशय घ्यायला लोकांना कसं शिकवलं, हे प्रचारपटातच दिसणार ना?

सदाशिवपेठी: मग आधी ‘सावकारी पाश’साठी रडा. बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूकपट, शांताराम त्यात शेतकरी. गेला. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले तीससुद्धा उरले नाहीत. अमेरिकेत निदान मोजदाद तरी झाली: जवळपास ११ हजार मूक कथापटांपैकी मूळ रूपात शेकडा १४ उरले.

माळ्यावरची: नायट्रेटचं, म्हणजे त्या काळच्या चटकन पेटणाऱ्या फिल्मचं, रीळ मेलेलं पाहिलंय का कुणी? काकांच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा होता. झाकण निघेना, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं. वरचे वेढे काकवीसारखे चिकटलेले, खाली तपकिरी भुकटी, वास असा की डोळ्यांत पाणी. कुठला सिनेमा, देव जाणे.

सदाशिवपेठी: तेच म्हणतोय. शंभर वर्षांनी ग्रिफिथचीही भुकटीच मिळेल.

रीळवेडा: डॉसनला काय झालं? कॅनडातलं टोकाचं गाव, सिनेमांची रिळं परत पाठवायचा खर्च परवडेना म्हणून पुरून टाकलेली. १९७८ला खोदकामात पाचशेवर रिळं निघाली, गोठलेल्या जमिनीनं सांभाळलेली. आपल्या हवेत हे होणं कठीण, मान्य. पुण्यात तर जानेवारी २००३च्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचाच नायट्रेटचा साठा जळाला. @माळ्यावरची, तो डबा आहे अजून? फेकू नका, पण घरातही ठेवू नका, पेट घेतो. संग्रहालयाला आधी फोन करा.

माळ्यावरची: दिवाळीच्या साफसफाईत आईनं भुकटी फेकली. डबा आहे. रवा ठेवतो त्यात.