मदत हवी आहे: बाबांच्या संगणकासाठी ५४००ची हार्ड डिस्क की ७२००ची?

रामबाग_इंदूर:

नमस्कार मंडळी. बाबांचा (वय ७४) डेस्कटॉप २०१४चा आहे: आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएमची (तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते ती) हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत चार मिनिटं जातात, ब्राउझर उघडायला आणखी दीड-दोन. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के दिसते, सीपीयू १०-१५च्या वर जात नाही.

काम म्हणाल तर मेल, बँक, यूट्यूब. आणि मुख्य काम कॅसेटचं. इंदूर-देवासच्या मैफिली बाबांनी ऐंशीच्या दशकापासून स्वतः रेकॉर्ड केल्या आहेत, शे-सव्वाशे कॅसेट आहेत. गेली दोन वर्षं सवड मिळेल तशी एकेक बाजू ते ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये घेतात आणि वेव्ह फाइल करून ठेवतात. ऐंशी कॅसेट झाल्या आहेत. त्यांच्यासाठी हा संगणक म्हणजे कॅसेटचं कपाटच आहे, म्हणून मला घाईनं काही करायचं नाही.

जेल रोडवर चौकशी केली. दुकानदार म्हणाले, "७२०० वाली ले लो, डबल फर्क पडेगा." बाबांना शंका आहे की तबकडी जास्त वेगानं फिरली तर लवकर झिजेल, आणि आवाजही करेल. ते रात्री अगदी हळू आवाजात ऐकत बसतात, त्यामुळे घरघर नको आहे. रोजच्या वापरात ७२००नं खरंच फरक पडतो का?

शून्य_आणि_एक:

ताई, डिस्क कोणती घ्यायची ते नंतर बघू. ऐंशी कॅसेटच्या फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे? नसेल तर आजच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ते झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' दिसतंय की पिवळं 'कॉशन', आणि सी-५ या ओळीत (वाचता न आलेल्या जागांची संख्या) काय आहे, ते इथे सांगा. वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) असले तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि सगळा संगणक अडकतो. हा त्रास आरपीएमचा नसेलही.

सुई_आणि_खोबण:

बाबा कॅसेटवाले आहेत म्हणजे रेकॉर्डही वाजवले असतील, तर त्यांच्याच भाषेत सांगतो.

हार्ड डिस्कवरची एखादी फाइल वाचायची तर आधी हेड योग्य ट्रॅकवर न्यावं लागतं, जशी आपण सुई उचलून तिसऱ्या गाण्यावर ठेवतो. याला साधारण १० मिलिसेकंद लागतात. मग हवी ती जागा फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. ५४००ची तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते, सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे ५.६ मिलिसेकंद. ७२००ची १२० फेरे घेते, तिथे ४.२. जास्त पैसे देऊन वाचले १.४ मिलिसेकंद, आणि सुई हलवायचे १० तसेच राहिले. एकूण १५.६चे १४.२ झाले. डबल कुठून होणार?

विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात. एकामागून एक वाचायच्या तर ५४००ची डिस्क सेकंदाला साठ-पासष्ट जागा गाठते, ७२००ची सत्तर. एसएसडीत (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) सुईही नाही आणि फेराही नाही, एक वाचन ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं. तुमची चार मिनिटं तिथे वाचतील.

गाण्याचं म्हणाल तर वेव्ह फाइल वाजताना सेकंदाला जेमतेम १७६ केबी लागतात, तासाला ६३५ एमबी. ५४००ची डिस्क सलग वाचताना याच्या शेकडो पट देते. साठवणीला तीच उत्तम. गरम कमी होते आणि आवाजही कमी.

झिजेची भीती नको. रेकॉर्डची सुई खोबणीत घासते, इथलं हेड तबकडीला टेकतच नाही, काही नॅनोमीटरवर तरंगत राहतं.

मांडवीवाला_बडोदा:

थोडं वेगळं मत. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, माझ्याकडे ७२००च्या डिस्क आहेत आणि मोठ्या फाइली सलग हलवताना त्यांचा फायदा मला रोज दिसतो. पण विंडोज मीही एसएसडीवरच ठेवलंय. काकांना ७२०० लागणार नाही.

दोन गोष्टी सांगतो. एसएसडी बसवताना रॅम ८ जीबी करून घ्या, ४ कमी पडली की विंडोज डिस्कलाच रॅम म्हणून राबवतं. आणि कॅसेटची एकमेव प्रत एसएसडीवर ठेवू नका. ती बंद पडते तेव्हा बऱ्याचदा काही न सांगता पडते आणि आतलं परत मिळवणं फार अवघड असतं. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आहे. बँकेचं काम यावर करत असाल तर त्याचाही विचार करा.

रामबाग_इंदूर:

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि शून्य_आणि_एक यांचे विशेष. दुसरी प्रत नव्हती. क्रिस्टलडिस्कइन्फोनं पिवळं 'कॉशन' दाखवलं, सी-५लाच. त्याच रात्री बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावली. पहाटेपर्यंत चालली, बाबा दोनदा उठून बघून गेले.

मग २५० जीबीची एसएसडी घेतली आणि विंडोज त्यावर नव्यानं टाकलं, रॅम ८ केली. आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. साठवणीला नवी ५४००ची डिस्क घेतली, बाहेरची प्रत बहिणीकडे ठेवायला दिली. बँकेचं काम तूर्त माझ्या लॅपटॉपवर करतो आहोत. सुईचं उदाहरण बाबांना वाचून दाखवलं, त्यांना ते लगेच पटलं. अर्ध्या फेऱ्याचा हिशेब त्यांनी कागदावर करून पाहिला.

कॉपी होताना तीन फाइली अडकल्या, त्या काही केल्या आल्या नाहीत. त्या तीन कॅसेट बाबांनी पुन्हा लावायला काढून ठेवल्या आहेत.