शब्दचर्चा: माध्यमांची मक्तेदारी की मालकी एकवटणं?

प्रश्न: वाहिन्या आणि वर्तमानपत्रं मोजक्या उद्योगसमूहांच्या हाती जात आहेत. त्याला सरसकट ‘मक्तेदारी’ म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का?

प्रतिसाद: माझ्या मते नाही. मक्ता म्हणजे ठेका. जकातीचा, दारूचा मक्ता कुणीतरी द्यायचा, तोही ठरावीक मुदतीसाठी. पुढे ‘एकट्याचाच धंदा’ हा अर्थ रुळला. पण इथे धंद्यात एकटा कुणीच नसतो. मराठी मालिकांच्या वाहिन्याच पाहा. ईटीव्ही मराठीची २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचा इथला माध्यमव्यवसाय एकत्र आला आणि डिस्नेची स्टार प्रवाह व रिलायन्सची कलर्स मराठी, दोन्ही जिओस्टार या एकाच कंपनीच्या झाल्या. रिमोटवर त्या आजही वेगळ्या दिसतात, शिवाय झी मराठी आहेच. म्हणून ‘मक्तेदारी’ म्हटलं की समोरचा वाहिन्यांची यादी वाचून दाखवतो आणि वाद तिथेच संपतो. ‘मालकी एकवटली’ म्हटलं तर त्याला मालक मोजावे लागतात.

प्रश्नकर्ता: मग ‘केंद्रीकरण’ का नको?

प्रतिसाद: चूक नाही, पण त्यानं सत्तेचं केंद्रीकरण, दिल्ली वगैरे आधी डोळ्यांपुढे येतं. ‘एकवटणं’ घरातला शब्द आहे, सातवीतल्या मुलालाही कळतो.

दुसरा प्रतिसाद: एक भर घालतो. जुन्या चर्चांत ‘साखळी वृत्तपत्रं’ म्हणत. एकाच मालकाची अनेक पत्रं, एवढ्यापुरता तो नेमका आहे. पण रिलायन्सकडे २०१४ मध्ये नेटवर्क१८ हा वाहिन्यांचा समूह आला, २०१८-१९ मध्ये हॅथवे आणि डेन या केबल कंपन्या आल्या, मोबाइल सेवा तर आधीपासूनच होती. बातमी तयार करणारा आणि ती घरात पोचवणारा मालक एकच. इथे साखळी अपुरी पडते, मी ‘उभी मालकी’ म्हणतो. अनेक वाहिन्या एकाकडे असल्या तर ‘आडवी’. आणि २०२२ मध्ये अदानी समूहानं एनडीटीव्ही घेतलं, त्या घटनेला ‘ताबा’ हाच शब्द हवा.

पहिला प्रतिसाद: उभी-आडवी आवडलं. ट्राय या दूरसंचार आणि प्रसारणाचं नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी केल्या, त्यांचा कायदा अजून झालेला नाही. ती मागणी मराठीतून लावून धरायची तर कुठली मालकी, किती हातांत, हे सांगणारे शब्द बातम्यांत आजपासूनच वापरायला हवेत.