विषय: शाळेत वेगळी मदत लागणारी मुले आणि त्यांचे पालक

प्रेषक: कार्यकारिणी (एका सभासद-पालकांच्या वतीने)

सप्रेम नमस्कार,

पुढील पत्र ब्रिटनमधील आपल्या मंडळाच्या एका सभासद-भगिनीने पाठवले आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव न देता ते सर्वांपुढे ठेवत आहोत.

"आम्ही पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला आलो तेव्हा मुलगा नर्सरीत होता, आता तो इयर टूमध्ये (सहा-सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात) आहे. घरी तो आमच्याशी मराठीत बोलतो, पण वर्गात दिवसदिवस तोंड उघडत नाही. डायनिंग हॉलमधला गलका आणि स्वच्छतागृहातल्या हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज त्याला सहन होत नाही, म्हणून तो कानांवर हात धरून उभा राहतो आणि कित्येकदा डबा तसाच परत आणतो. शाळेत कुणाला काही जाणवू देत नाही, मात्र घराचे दार लागले की तासभर रडतो. वर्गशिक्षिकेचे म्हणणे असे, की घरात मराठी असल्यामुळे तो मागे पडतो आहे, तेव्हा घरीही इंग्रजीच बोला. जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, ऑटिझमच्या तपासणीसाठी नाव पाठवले आहे, पण प्रतीक्षायादी फार लांब आहे आणि निदान हाती आल्याशिवाय काही करता येणार नाही, असे शाळेने तोंडी सांगितले आहे. आम्ही वर्क व्हिसावर आहोत; मदत मागितली तर पुढे अडचण येईल का, ही धास्ती आहेच. मंडळाच्या कार्यक्रमांना येणे आम्ही थांबवले आहे, कारण 'हा बोलत का नाही?' या प्रश्नाला दर वेळी उत्तर देण्याचे त्राण आता उरलेले नाही. शाळेकडून नेमके काय मागता येते, हे कुणी सांगू शकेल का?"

———

प्रेषक: एक सभासद, स्लाव

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एका प्राथमिक शाळेत सेन्को आहे, म्हणजे विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांना मिळणाऱ्या मदतीची जबाबदारी माझ्याकडे असते. आपले पत्र वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी निदानाविषयी. इंग्लंडमध्ये २०१४ चा चिल्ड्रन अँड फॅमिलीज अॅक्ट आणि त्यावर आधारलेली २०१५ ची नियमसंहिता या दोन्हींत आधार धरला आहे तो मुलाच्या गरजेचा, निदानाच्या नावाचा नव्हे. मुलाला त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा शिकणे बरेच जड जात असेल, किंवा एखाद्या अपंगत्वामुळे इतरांना मिळणाऱ्या सोयी वापरता येत नसतील, आणि त्यासाठी वेगळी किंवा अधिकची मदत लागत असेल, तर ती मदत देण्याची जबाबदारी शाळेवर आजच येते. त्यामुळे "निदान आल्यावर बघू" या उत्तराला कायद्याचा आधार नाही आणि ते आपण मान्य करू नये, असे मला अगदी मनापासून सांगावेसे वाटते. प्रतीक्षायादीत मुलांची जी वर्षे जातात, ती त्यांची वाचायला आणि मित्र जोडायला शिकण्याची वर्षे असतात.

दुसरी गोष्ट मराठीची. त्याच कायद्याच्या २० व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे एवढ्याच कारणावरून मुलाला शिकण्याची अडचण आहे असे धरता येत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: खरी अडचण दिसत असताना "भाषेमुळे होत असेल" म्हणून तिच्याकडे काणाडोळा करणेही चालत नाही. घरात दोन भाषा असल्याने मुलाचे बोलणे खुंटत नाही, आणि इथले वाचा-उपचारतज्ज्ञ घरची भाषा सोडायला सांगत नाहीत, उलट ती चालू ठेवायला सांगतात. जे मूल ज्या भाषेत आपले रडणे समजावून सांगू शकते, ती भाषा त्याच्याकडून काढून घेऊ नका. आपला मुलगा घरी मोकळेपणाने बोलतो आणि वर्गात अजिबात बोलत नाही, हे स्पीच थेरपिस्टला आवर्जून सांगा. सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाची चिंतेशी जोडलेली एक अवस्था असते. ती आहे की नाही हे तज्ज्ञच ठरवतील, परंतु तोवर हजेरीच्या वेळी त्याच्यावर मोठ्याने उत्तर देण्याची सक्ती करू नये, एवढे तरी शाळेला लगेच करता येते.

आता प्रत्यक्ष काय करावे. फाटकापाशी झालेले बोलणे विसरले जाते, म्हणून सेन्कोंना ईमेल लिहा. त्यात "त्याला त्रास होतो" असे मोघम न लिहिता आपण इथे लिहिले आहे तेच लिहा: डबा किती वेळा परत येतो, कोणत्या आवाजाला तो घाबरतो, घरी आल्यावर काय होते. शाळेने स्वतःहून द्यायच्या विशेष मदतीला सेन सपोर्ट म्हणतात. तेव्हा असे विचारा: "आमच्या मुलाला सेन सपोर्टच्या यादीत घेतले आहे का? नसल्यास का नाही? घेतले असल्यास लेखी आराखडा कृपया पाठवावा." या सपोर्टमध्ये गरज तपासणे, आराखडा करणे, तो अमलात आणणे आणि परिणाम पाहणे असे चक्र सतत चालू राहावे, आणि वर्षातून किमान तीन वेळा शाळेने पालकांना भेटावे, असे संहिता सांगते. गलक्याआधी दहा मिनिटे जेवायला बसू देणे, कानांवर लावायचे आवाजरोधक, दिवसाचे चित्रांतले वेळापत्रक, हात पुसायला कागद ठेवलेले स्वच्छतागृह वापरण्याची मुभा, यांतल्या कशालाही निदान लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

आणखी एक. "आज जरा लवकर घेऊन जा, त्याला शांत होऊ दे" असे फोन शाळेकडून येऊ लागले तर सावध व्हा. अधिकृत नोंद न करता मुलाला घरी पाठवणे बेकायदेशीर आहे, पालकांची संमती असली तरीही.

व्हिसाबद्दल निश्चिंत राहा. शाळेतील मदत, सेन सपोर्ट किंवा ईएचसीपी (शाळेची मदत पुरत नसेल तेव्हा कौन्सिल देते तो कायद्याने बंधनकारक आराखडा) यांची गणना "सार्वजनिक निधी"त होत नाही. मात्र मुलांसाठीचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स त्या यादीत आहे, त्यामुळे ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट आहे, त्यांनी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारल्याशिवाय त्यासाठी अर्ज करू नये. या दोन गोष्टींची गल्लत होऊन आपले अनेक पालक दोन्हींपासून दूर राहतात, हे मी वारंवार पाहते आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

———

प्रेषक: एक सभासद, मिल्टन कीन्स

सप्रेम नमस्कार,

स्लावच्या ताईंनी शाळेच्या पातळीवरची बाजू मांडली आहेच. आमच्या मुलीचा ईएचसीपी झालेला असल्याने पुढच्या टप्प्याबद्दल थोडे लिहितो.

शाळेने आपल्या नेहमीच्या निधीतून, साधारणपणे मुलामागे पहिल्या ६,००० पौंडांपर्यंत, मदत करावी अशी अपेक्षा असते. ती पुरत नसेल, तर स्थानिक कौन्सिलकडे मूल्यमापनाची मागणी करता येते आणि ती पालक स्वतः करू शकतात. शाळेच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. मागणी आल्यापासून ६ आठवड्यांत मूल्यमापन करणार की नाही हे कौन्सिलने कळवायचे असते आणि अंतिम आराखडा २० आठवड्यांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात या मुदती पुष्कळदा पाळल्या जात नाहीत, म्हणून प्रत्येक तारीख लिहून ठेवावी आणि मुदत उलटताच लेखी विचारणा करावी.

मसुदा हाती आला की सर्वांत बारकाईने वाचायचा तो भाग एफ, म्हणजे मुलाला कोणती मदत द्यायची ते लिहिलेला भाग. आमच्या पहिल्या मसुद्यात "तिला वाचा-उपचाराची संधी मिळाल्यास लाभ होईल" असे वाक्य होते. ऐकायला गोड, पण त्यातून कुणावरही काहीच बंधनकारक होत नाही. आम्ही ते बदलून घेतले: "पात्र स्पीच थेरपिस्टकडून आठवड्यातून एकदा, ३० मिनिटे, एकटीला, शिवाय टीचिंग असिस्टंटकडून रोज १५ मिनिटे सराव." कोण, किती वेळ, किती वेळा, एकटे की गटात, हे लिहिलेले असले की ती मदत मिळवून देणे कौन्सिलला कायद्याने भागच पडते.

नकार आला तर खचू नका. नकाराच्या पत्रापासून दोन महिने, किंवा मध्यस्थीचे प्रमाणपत्र (कौन्सिलशी तडजोडीचा पर्याय विचारात घेतल्याचा दाखला) मिळाल्यापासून एक महिना, यांपैकी जी मुदत नंतर संपते तोवर ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांच्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. सुनावणीपर्यंत जाणाऱ्या बहुतेक अपिलांचा निकाल पालकांच्या बाजूने लागतो. प्रत्येक कौन्सिलच्या भागात सेंडियास ही विनामूल्य आणि गोपनीय सल्लासेवा असते. तिथले कार्यकर्ते पत्र वाचून देतात आणि शक्य असेल तेव्हा बैठकीलाही सोबत येतात. कायद्याची बाजू समजून घेण्यासाठी इप्सिया या संस्थेची नमुनापत्रे आम्हाला फार उपयोगी पडली.

यात पालकांची स्वतःची तब्येत मागे पडते. अपंग मुलाची काळजी घेणाऱ्या पालकांना कौन्सिलकडून स्वतःच्या गरजांचेही मूल्यमापन मागता येते, हे आम्हाला कॉन्टॅक्ट या संस्थेच्या हेल्पलाइनवर समजले. त्यातून आम्हाला महिन्यातून काही तास मोकळे मिळू लागले आणि माझी पत्नी सलग झोपू लागली. आपण दोघांनीही हे मागावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

———

प्रेषक: एक सभासद, एडिनबरा

वरील सर्व माहिती इंग्लंडची आहे, हे या ईमेल-यादीवरील इतरांनी लक्षात घ्यावे. स्कॉटलंडमध्ये २००४ चा अॅडिशनल सपोर्ट फॉर लर्निंग अॅक्ट लागू आहे आणि ईएचसीपी इथे नसतो. वेल्समध्येही स्वतंत्र कायदा असून तिथल्या आराखड्याला आयडीपी म्हणतात. एका देशातून दुसऱ्या देशात घर हलवताना आराखडा आपोआप लागू राहत नाही, म्हणून घर ठरवण्याआधीच नव्या कौन्सिलशी बोलावे.

———

प्रेषक: कार्यकारिणी

पत्रलेखिका ताईंना विनंती, की यंदाच्या गणेशोत्सवाला आपण अवश्य यावे. ढोल-ताशाची वेळ आधी कळवली जाईल, तेवढ्या वेळेत सभागृहाच्या मागच्या बाजूची एक खोली शांत बसण्यासाठी मोकळी ठेवली जाईल, आणि जेवणाची पंगत सुरू होण्यापूर्वी मुलांना वाढून घेता येईल. सर्व सभासदांनाही नम्र विनंती, की कोणत्याही मुलाच्या बोलण्या-न बोलण्याविषयी त्याच्यादेखत प्रश्न विचारू नयेत.

———

प्रेषक: कार्यकारिणी (मूळ पत्रलेखिकेच्या वतीने)

"सर्वांचे मनापासून आभार. सेन्कोंना ईमेल गेला आहे आणि त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली आहे. एकच विचारायचे राहिले: सुट्टीत पुण्यात तपासणी करून तिथला अहवाल आणला, तर तो इथे चालेल का?"

———

प्रेषक: एक सभासद, स्लाव

ताई, अहवाल जरूर आणा आणि तो इंग्रजीत घ्या. शाळेने आणि कौन्सिलने त्याची दखल घ्यायला हवी, मात्र त्यावरून एनएचएसचे (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे) निदान झाले असे धरले जाणार नाही, त्यामुळे इथल्या प्रतीक्षायादीतले नाव काढू नका. तपासणी मराठीत झाली असेल तर तसे अहवालात नमूद करून घ्या. मूल ज्या भाषेत बोलते त्या भाषेत तपासले गेले, ही त्या कागदाची सर्वांत मोठी जमेची बाजू ठरेल.

इथल्या मोठ्या मुलांच्या पालकांसाठी एक जोड: महाराष्ट्र बोर्डाचे लेखनिक किंवा जादा वेळेचे प्रमाणपत्र जीसीएसईला (साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या इथल्या शालेय परीक्षेला) थेट चालत नाही. त्यासाठी शाळेमार्फतच, साधारणपणे इयर नाइनपासून (तेरा-चौदाव्या वर्षापासून) पुढे, वेगळी तपासणी व्हावी लागते आणि मूल वर्गातही तशीच मदत घेऊन काम करते याचा पुरावा लागतो. तेव्हा हा विषय परीक्षेच्या वर्षापर्यंत न ठेवता माध्यमिक शाळेत प्रवेश होताच सेन्कोंपुढे मांडावा.

बैठकीला जाताना ईमेलची छापील प्रत जवळ ठेवा आणि जे ठरेल ते त्याच संध्याकाळी सेन्कोंना लिहून पाठवा. सोबत कुणी हवे असल्यास मला कळवा. मंगळवार सोडून मी येऊ शकेन.