उंदीर बरा झाला, पण पेशी कधी दिल्या होत्या?

स्टेम सेलने (मूळ पेशींनी) उंदरांचा फुप्फुसाचा फायब्रोसिस, म्हणजे व्रण पडून फुप्फुस कडक होणे, कमी होत असेल, तर तो उपचार आपल्या वडिलांना, म्हणजे मामांना, नाशिकमध्ये का मिळू नये, हा आपला प्रश्न रास्त आहे. मात्र या प्रयोगांत उंदराच्या श्वासनलिकेत ब्लिओमायसिन हे फुप्फुसाला इजा करणारे औषध सोडून व्रण मुद्दाम निर्माण केला जातो आणि पेशी बहुधा पहिल्या काही दिवसांत, म्हणजे दाह भरात असतानाच दिल्या जातात. शिवाय तरुण उंदरांत तो व्रण पुढे आपोआपही बराचसा ओसरतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. 2003 च्या गाजलेल्या प्रयोगात लगेच दिलेल्या पेशींचा लाभ झाला, 7 दिवसांनी दिलेल्यांचा नाही. गंगापूर रोडवरच्या घराचा जिना चढताना मामांना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांना त्यांच्या पाठीवर वेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज ऐकू येत होता, म्हणजे व्रण आधीच पक्का झाला होता आणि दाह भरात असतानाची ती वेळ केव्हाच टळून गेली होती.