रेझिस्टरचा औष्णिक नॉइज हिशेबापेक्षा जास्त भरतो – मदत हवी आहे

नमस्कार. ३०० केल्विनला १०० किलोओहमच्या मेटल फिल्म रेझिस्टरचा औष्णिक नॉइज (उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून येणारा विद्युत गोंगाट) नायक्विस्टच्या सूत्राने वर्गमूळ हर्ट्झमागे सुमारे ४०.७ नॅनोव्होल्ट येतो. १० किलोहर्ट्झच्या साध्या आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टरची नॉइज बँडविड्थ १.५७ पट धरल्यास (हे मी आधी विसरलो होतो) एकूण ५.१ मायक्रोव्होल्ट आरएमएस व्हायला हवेत. प्रत्यक्षात, रेझिस्टरला जोडलेल्या ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीच्या) गेनने, म्हणजे तो किती पट मोठा करतो त्याने, भागल्यावर, ७.२ भरतात, ऑप-अँपचे इनपुट ग्राउंडला शॉर्ट केले की मात्र आकडा एक मायक्रोव्होल्टच्याही खाली उतरतो. ऑप-अँपचा करंट नॉइज (त्याच्या इनपुटमधून वाहणाऱ्या प्रवाहातील गोंगाट) वर्गमूळ हर्ट्झमागे ०.४ पिकोअँपिअर असल्याने तोच रेझिस्टरमधून वाहून भर घालत असावा, असा माझा कयास आहे. रेझिस्टरचे मूल्य न बदलता, केवळ तो थंड करून हे दोन घटक खात्रीने वेगळे करता येतील का, की त्यासाठी जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) इनपुटचा, करंट नॉइज अगदी कमी असलेला ऑप-अँप लावून पाहणेच बरे?