आईच्या रेसिपींचं चॅनेल काढायचंय – कॅमेरा, माइक, एडिटिंगबद्दल सल्ला हवा

गुहागरकर: नमस्कार मंडळी. आई गुहागरला, मी ठाण्यात. फणसाची सांदणं, तवसाचं (मोठ्या काकडीचं) धोंडस, कुळथाची पिठी हे सगळं ती डोळे मिटून करते. भाच्यांनी काढलेले तिचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर भलतेच फिरतात, म्हणून रीतसर यूट्यूब चॅनेल काढावं म्हणतोय. पण ट्यूबलाइट लावली की व्हिडिओत काळे पट्टे सरकत राहतात आणि आवाज लांबून आल्यासारखा येतो. बजेट दहा हजार. कॅमेरा घेऊ का?

खटपट्या: कॅमेरा अजिबात नको. दहा हजारांत जो येईल त्यापेक्षा हातातला मोबाइल बरा. पट्ट्यांचं म्हणाल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलता येतात तिथे) शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर लॉक करा, पट्टे जातील. त्याहून सोपं म्हणजे ट्यूब बंद ठेवून सकाळच्या उजेडात शूट करा. खिडकी आईच्या पाठीमागे मात्र नको, चेहरा काळा येतो.

सुगरण_नव्हे: पैसे माइकवर घाला. चित्र जरा डावं असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला की पुढे जातात. वायरचा साधा कॉलर माइकसुद्धा चालतो, फक्त मोबाइलला गोल जॅक आहे की टाइप-सी ते बघून घ्या. पदराला लावू नका! पदर खोचला की खरखर, आणि मंगळसूत्र आपटून टकटक वेगळीच. मी सासूबाईंना एप्रन घालायला लावते आणि माइक त्याच्या पट्ट्याला अडकवते. पंखा आणि चिमणी बंद. उकडायला होतं, पण इलाज नाही.

गुहागरकर: एप्रनची कल्पना झकास, पण आई घालेल का हा प्रश्नच आहे. आणि स्वयंपाकघरावर पत्रे आहेत. पावसाळ्यात काय करायचं?

खटपट्या: पावसात नुसतं चित्र घ्या. निवेदन नंतर, कपड्यांनी भरलेल्या कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर बसवून रेकॉर्ड करा. कपडे आवाज शोषतात, घुमत नाही.

निवांत_नाना: याला माझा विरोध. नंतर बोलायला बसवलं की माणूस वाचून दाखवल्यासारखं बोलतो. "अगो, पीठ सैल झालं तर घाबरू नको" हे हात पिठात असतानाच तोंडून निघतं. सांदणं तशीही मे महिन्यात होतात, तेव्हाच चार-पाच व्हिडिओ काढून ठेवा, पावसाळाभर टाका.

सुगरण_नव्हे: +१ नानांना.

गुहागरकर: पटलं. एडिटिंग कशात? कमाई किती दिवसांनी?

खटपट्या: मोबाइलवर व्हीएन अ‍ॅप पुरेसं आहे. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत वॉटरमार्क येतो. दणकट कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण शिकायला वेळ जातो. मागे सिनेमातलं गाणं लावू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं घ्या. कमाईचं गणित लगेच मांडू नका. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं लागतं. शॉर्ट्सच्या वाटेने गेलात तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज.

निवांत_नाना: नगरच्या सुमन धामणे आजींचं 'आपली आजी' बघा. नातवाच्या मदतीने उभं राहिलेलं चॅनेल, भपका काही नाही. २०२० मध्ये ते हॅक झालं होतं, नंतर परत मिळालं. तेव्हा पहिल्याच दिवशी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा आणि भाच्यांना पासवर्ड वाटत बसू नका.

गुहागरकर: भाच्यांचा पासवर्ड कट! माइक आजच मागवतो. गणपतीला गावी गेलो की पहिलं शूट, धोंडसाचं. तवसं तेव्हा मिळतील.

सुगरण_नव्हे: लिंक इथेच टाका. आणि गूळ किती घालायचा ते आईंना नीट मापाने सांगायला लावा, "अंदाजाने" नको.