मुलीला एमडी-पीएचडीला अर्ज करायचाय, कुणी सांगू शकेल का?

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाच्या मेलांच्या गर्दीत मधेच हे विचारतोय. आमची मुलगी इथे अमेरिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय बायोलॉजी. इतके दिवस मेडिकल मेडिकल म्हणत होती, आता म्हणते एमडी (म्हणजे इथली डॉक्टरकीची डिग्री) आणि पीएचडी दोन्ही एकत्र करायचं. आठ वर्षं लागतात म्हणे! साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे पोरगी डॉक्टर होणार का प्राध्यापक? मलाही नीट सांगता येईना. जीपीए (कॉलेजच्या मार्कांची सरासरी) ३.८५, एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) ५१७, दोन समर लॅबमध्ये काढलेत, रिसर्चचं एक पोस्टर आहे, छापलेला पेपर नाही. जूनमध्ये अर्ज भरायचा म्हणते. एवढ्यावर होईल का? आपल्यापैकी कुणाच्या घरचं कुणी यातून गेलंय का? ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलंय.

– मुलीचे बाबा, एडिसन

---

नमस्कार काका,

मी याच प्रोग्रॅममध्ये आहे, मेडिकलची पहिली दोन वर्षं झाली, आता पीएचडीचं तिसरं चालू आहे, ती संपली की परत वॉर्डात. ग्रीन कार्डचं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत पण मी आधी तेच शोधलं. एमएसटीपी म्हणून जे एमडी-पीएचडीचे प्रोग्रॅम आहेत त्यांना १९६४ पासून एनआयएच, म्हणजे अमेरिकन सरकारची आरोग्य-संशोधन संस्था, पैसे देतं, आणि त्या ग्रँटमधून फक्त सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवाल्यांनाच घेता येतं. काही खाजगी युनिव्हर्सिट्या स्वतःच्या पैशातून बाहेरच्या मुलांना घेतात पण त्या जागा फार थोड्या. मी एच-४ वर (आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) वाढले, एकविसावं लागलं तशी एफ-१ या स्टुडंट व्हिसावर गेले आणि अर्जाच्या वर्षापर्यंत कार्ड आलं नसतं तर माझी अर्धी यादी तिथेच संपली होती. या मेल-लिस्टवर ज्यांची मुलं अजून हायस्कूलला आहेत आणि कार्ड रांगेत आहे त्यांनी हे आत्ताच बघून ठेवा, प्रत्येक प्रोग्रॅमच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं.

पैशांची काळजी करू नका, एमएसटीपीत ट्यूशन माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. मार्कांचीही नको. ५१७ म्हणजे निवड झालेल्या मुलांच्या सरासरीच्या आसपासच आहे, पुन्हा परीक्षा द्यायला अजिबात लावू नका. पेपर नाही म्हणूनही अडत नाही, बऱ्याच जणांकडे नसतो.

अडतं ते निबंधात. साध्या एमडीला एक पर्सनल स्टेटमेंट असतं, इथे वर आणखी दोन. एक ३,००० अक्षरांचा, दोन्ही डिग्र्या का हव्यात, आणि दुसरा १०,००० अक्षरांचा, आजवर केलेल्या रिसर्चवर. या दुसऱ्यात मुलं लॅबच्या प्रोजेक्टचं कौतुक लिहून मोकळी होतात. माझा पहिला ड्राफ्ट आमच्या लॅबच्या मॅडमनी वाचला आणि एवढंच विचारलं, यात तू कुठे आहेस?

मग मी माझ्या फसलेल्या समरबद्दल लिहिलं. सात आठवडे वेस्टर्न ब्लॉटवर (टिश्यूतलं ठरावीक प्रोटीन शोधायची चाचणी) धड बँड, म्हणजे प्रोटीनची पट्टी, दिसेना. अँटीबॉडी बदलून पाहिली, जेल बदललं, रात्री अकरा-अकरापर्यंत थांबून परत केलं, काही नाही. शेवटी एका पोस्टडॉकदादाने (पीएचडी झालेला, लॅबमध्ये काम करणारा) विचारलं, बफर, म्हणजे टिश्यू ज्यात घालतेस ते द्रावण, कधी बनवतेस? मी त्यातलं पीएमएसएफ नावाचं रसायन आदल्या दिवशीच बफरमध्ये घालून ठेवायचे, सकाळी घाई नको म्हणून, आणि ते पाण्यात काही तासांतच निकामी होतं, म्हणजे प्रोटीन तुटू नये म्हणून जे घालत होते तेच मेलेलं असायचं. पण मला सांगितलं म्हणून मी ते मानलं नाही, एकाच टिश्यूचे दोन भाग केले, एक जुन्या बफरमध्ये, एक ताज्या, आणि शेजारी शेजारी चालवले. ताज्यात स्वच्छ बँड, जुन्यात नुसता धुरकट पट्टा. निबंधात हे दहा-बारा ओळींत आहे आणि जवळजवळ प्रत्येक इंटरव्ह्यूला प्रोफेसर लोकांनी तेच काढलं, मग पुढे काय केलंस, उलटं निघालं असतं तर काय समजली असतीस. इंटरव्ह्यू बहुतेक वेळा दोन दिवस चालतात आणि त्यात असंच बोलणं असतं, पाठ केलेलं तिथे दोन प्रश्नांत उघडं पडतं.

म्हणून काका, तिला एक विचारा, तुझ्या लॅबमध्ये नक्की कोणता प्रश्न आहे आणि त्यातला तुझा कोणता. ते तिला सांगता आलं तर जूनमध्ये भरू दे. नाही आलं तर दोन समर मला कमी वाटतात, एक-दोन वर्षं पूर्ण वेळ लॅबमध्ये काम करून मग भरू दे. यात वर्ष वाया जात नाही, आमच्या बॅचमधले निम्म्याहून जास्त तसेच आलेत. आणि आजीला सांगा, डॉक्टरच होणार, फक्त ज्या आजाराला औषध नाही त्याच्यामागे लागणारी.

– ताई, फिलाडेल्फिया

---

अगं, किती मनापासून लिहिलंस! काल रात्री जेवताना तिला तुझा प्रश्न विचारला. पहिल्या समरचं विचारलं तर, ते सर सांगतील तसं करत होते, म्हणाली. पण दुसऱ्या लॅबचं विचारलं आणि हातातली पोळी तशीच, झेब्राफिशचं हृदय कापलं तरी परत वाढतं आणि आपलं का नाही, त्यातल्या कुठल्या पेशी ती मोजते, अर्धा तास बोलत होती. शेवटी स्वतःच म्हणाली बाबा, यंदा नको, तिथल्या मॅडमना टेक्निशियनच्या जागेबद्दल विचारते. आता एकच. पहिल्या लॅबचं शिफारसपत्र लागेल का? त्या सरांना दोन वर्षांत हिने एक मेल केलेला नाही.

– मुलीचे बाबा

---

लागेल काका. ज्या ज्या लॅबमध्ये नीट काम केलं तिथलं पत्र मागतात, नसलं तर का नाही हा प्रश्न येतो. आजच लिहू दे, अर्जाच्या तोंडावर नको. त्या वेळचं पोस्टर जोडायचं, आता काय करते ते चार ओळीत, आणि चांगलं पत्र देऊ शकाल का असं सरळ विचारायचं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर लॅबमध्ये प्रत्यक्ष जाऊन भेटू दे. तिला माझा नंबर देते, रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते.

– ताई